दोन दोर एकमेकांना घट्ट कसे जोडायचे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दोर लांबीला कमी पडला की त्याला दुसरा जोडावा लागतो, आणि बहुतेक जण अशा वेळी हाताला सवयीची असलेली एकच गाठ मारतात. कधी ती टिकते, कधी ऐन वेळी सुटते. खाली चार गाठी सविस्तर दिल्या आहेत: शीट बेंड, डबल फिशरमन, झेपेलिन बेंड आणि टेप नॉट. बाकीच्यांची ओळख थोडक्यात आहे.

आधी काही शब्द ठरवून घेऊ. गाठीबाहेर उरतं ते आखूड "मोकळं टोक". ज्यावर ओढ येते ती लांब बाजू म्हणजे "ताणाचा दोर". दोर स्वतःला न ओलांडता परत फिरवला की "दुमड" होते. त्याने स्वतःला ओलांडलं की "वेटोळं" होतं.

आम्ही नेहमी उजवं टोक डाव्यावर आणि मग डावं उजव्यावर घेऊन गाठ मारतो. दोर जोडायला ती चालत नाही का?

नाही. ही रीफ नॉट. शिडाचा पसारा कमी करताना गुंडाळलेलं कापड बांधून ठेवायला खलाशी ती वापरत, कारण एक टोक झटक्यात ओढलं की ती मोकळी होते. तिथे हा गुण होता. दोन दोर जोडताना नेमका तोच घात करतो.

स्वतः करून पाहा. गाठ मारा, मग एकाच दोराचं मोकळं टोक आणि त्याचाच ताणाचा दोर दोन हातांत धरून जोरात ताणा. तो दोर सरळ होतो, दुसऱ्याचे वेढे त्याच्यावर नुसते ओवल्यासारखे राहतात आणि सरकत निघून जातात. काम चालू असताना एखादं टोक कशात अडकलं तरी हेच घडतं. गुळगुळीत किंवा वेगवेगळ्या जाडीच्या दोरांत तर टोक अडकण्याचीही गरज पडत नाही.

पार्सलची सुतळी, जखमेवरची पट्टी, गाठोडं या कामांना रीफ नॉट उत्तम आहे. तिथे गाठ खालच्या वस्तूवर दाबून बसते, चपटी राहते आणि हलत नाही. पण दोन दोरांच्या मधोमध हवेत लोंबणारी रीफ नॉट कधीही विश्वासाची समजू नका.

माझी रीफ नॉट आडवी वळते. ती वेगळी आहे का?

ती ग्रॅनी नॉट. दोन्ही वेळा एकच हात वर घेतला की ती होते. रीफ नॉटमध्ये मोकळी टोकं ताणाच्या दोरांना समांतर पडतात, ग्रॅनीत ती काटकोनात आडवी उभी राहतात. ती कधी घसरते, तर कधी सुटता सुटत नाही. दोन्हींतलं काय होईल ते आधी सांगता येत नाही.

टोकं समांतर आहेत पण गाठीच्या तिरप्या विरुद्ध बाजूंना निघतात, असं दिसलं तर ती थीफ नॉट. ती रीफ नॉटपेक्षाही लवकर घसरते.

मग कोणती गाठ निवडायची?

तीन प्रश्न स्वतःला विचारा. दोर सारख्याच जाडीचे आहेत का? ओढ सतत राहणार आहे, की मधेमधे सैल पडणार आहे? आणि काम झाल्यावर गाठ सोडायची आहे का?

जाडी वेगळी असेल तर डबल शीट बेंड. जाडी सारखी, ओढ भरपूर आणि नंतर सोडायची असेल तर झेपेलिन. कायमची ठेवायची असेल, उदाहरणार्थ दोरीचं बंद कडं करायचं असेल, तर डबल फिशरमन. चपट्या पट्ट्यांना टेप नॉट. एकच गाठ शिकायला वेळ असेल तर आमचं मत झेपेलिनला. शिकायला दहा मिनिटं जास्त लागतात, पण ती घसरत नाही आणि भरपूर ओढ खाल्ल्यावरही हाताने सुटते. हे दोन गुण एकाच गाठीत क्वचितच सापडतात.

शीट बेंड कशी मारायची?

जाड किंवा ताठ दोराची दुमड करायची, बारीक दोराने वेढा घ्यायचा. उलट केलं तर जाड दोर बारीक दुमडीत नीट वळत नाही आणि गाठ घसरते.

१. जाड दोराच्या टोकाला दुमड करून डाव्या हातात धरा. तिचं तोंड डावीकडे, वळण उजवीकडे. मोकळं टोक वरच्या बाजूला, ताणाचा दोर खालच्या बाजूला. टोक निदान १५ सेंटिमीटर ठेवा.

२. बारीक दोर उजवीकडून आणा आणि दुमडीच्या खालून वर काढा.

३. आता तो जाड दोराच्या मोकळ्या टोकावरून पलीकडे न्या आणि दुमडीच्या दोन्ही पायांच्या मागून खाली फिरवून पुढे आणा.

४. पुढे आलेलं टोक दुमडीत घालायचं नाही. दुमडीतून वर आलेल्या त्याच्याच भागाखालून ते सरकवा. ते दुमडीच्या वर आणि स्वतःच्या खाली दाबलं गेलं पाहिजे.

५. दुमड हातातून न सोडता आधी बारीक दोराचा ताणाचा भाग ओढा, मग दोन्ही ताणाचे दोर.

तपासायची खूण: दोन्ही मोकळी टोकं गाठीच्या एकाच बाजूला हवीत. तिसऱ्या पायरीत वेढा ताणाच्या दोरावरून सुरू झाला तर टोकं विरुद्ध बाजूंना जातात. ही डावी शीट बेंड दिसायला जवळजवळ तशीच, पण पकडीला कच्ची मानली जाते. सोडून परत मारा.

याच आकाराची गाठ विणकर तुटलेला धागा जोडायला वापरतात. ती इतकी लहान बसते की विणताना फारशी अडत नाही. मारायची पद्धत वेगळी, आकार तोच.

डबल शीट बेंड म्हणजे दोनदा गाठ मारायची का?

गाठ एकच, वेढे दोन. चौथी पायरी झाल्यावर बारीक टोक पुन्हा एकदा दुमडीच्या मागून फिरवा आणि पहिल्याच ठिकाणी, स्वतःच्याच खालून काढा. दोन वेढे शेजारी शेजारी बसले पाहिजेत, एकावर एक चढता कामा नयेत. जाडीत डोळ्यांना दिसण्याइतका फरक असेल किंवा दोर कृत्रिम धाग्याचा असेल तर थेट हीच मारा. एक जादा वेढा घ्यायला काही सेकंद लागतात, तेवढ्यासाठी साधी शीट बेंड वापरण्यात अर्थ नाही.

शीट बेंड रात्रभर ठेवली आणि सकाळी सुटलेली दिसली. चुकीची मारली होती का?

बरोबर मारली असली तरी असं होतं. शीट बेंड ओढ असेपर्यंत धरते. वाऱ्याने किंवा लाटांनी दोर सैल पडून परत ताणला जात राहिला की वेढे थोडे थोडे उघडतात. हलत राहणाऱ्या किंवा फडफडणाऱ्या कामाला ती वापरू नये. नाइलाजच असेल तर डबल शीट बेंड मारा, टोकं लांब ठेवा आणि प्रत्येक टोक शेजारच्या ताणाच्या दोराला बारीक दोरीने बांधून टाका.

डबल फिशरमन कशी मारायची?

या जोडात दोन वेगवेगळ्या गाठी असतात. प्रत्येक दोर दुसऱ्याभोवती एक गाठ मारतो आणि ओढल्यावर दोन्ही गाठी सरकत येऊन एकमेकींना भिडतात. १० मिलिमीटर दोराला दोन्ही टोकं ६० ते ७० सेंटिमीटर एकमेकांच्या शेजारी येतील इतकी घ्या. नवख्यांना लांबी कमी पडते ती इथेच.

१. दोर समांतर ठेवा, टोकं विरुद्ध दिशांना.

२. पहिल्या दोराचं टोक परत फिरवून दोन्ही दोरांभोवती एक पूर्ण वेढा घ्या. दुसरा वेढा पहिल्याला तिरपा ओलांडून घ्या, म्हणजे वर फुलीचा आकार दिसेल.

३. तेच टोक दोन्ही वेढ्यांच्या आतून, दोराला लगटून बाहेर काढा आणि ओढून घ्या. ही गाठ दुसऱ्या दोरावर सरकती राहिली पाहिजे.

४. दुसऱ्या टोकाने तसंच करा. वेढे फिरण्याची दिशा तीच हवी. सोपा उपाय म्हणजे दोर तसेच हातात धरून उजवी-डावीकडची टोकं अदलाबदल होतील असे जमिनीला समांतर फिरवायचे आणि पहिल्या टोकाला जे केलं तेच परत करायचं.

५. आता ताणाचे दोर विरुद्ध दिशांना ओढा. गाठी सरकून भिडल्या की एकेक मोकळं टोकही ओढून घट्ट करा.

खूण: एका अंगाला शेजारी शेजारी दोन फुल्या, पालथ्या अंगाला चार समांतर पदर, मध्ये फट नाही. एक फुली पुढे आणि एक मागे दिसत असेल तर एका गाठीचे वेढे उलटे फिरले आहेत. ती गाठ धरेल, पण नीट बसणार नाही. सोडून परत मारा.

एकेकच वेढा घेतला तर?

ती साधी फिशरमन. सुतळी किंवा हलक्या दोरीला पुरते. माणसाचं वजन येणार असेल तिथे नको. डायनीमासारख्या अति गुळगुळीत धाग्याच्या बारीक दोरीला उलट दोनही वेढे कमी पडतात, तिथे तीन घेतात.

झेपेलिन बेंडची टोकं नेहमी चुकीच्या बाजूला जातात. नेमकं कसं करायचं?

चूक जवळजवळ नेहमी एकाच ठिकाणी होते: दोन वेटोळी एकमेकांवर ठेवताना मोकळी टोकं त्यांच्या मध्ये अडकतात. ती बाहेरच्या बाजूंना हवीत, एक सगळ्यात वर आणि एक सगळ्यात खाली. एवढं लक्षात ठेवलं तर गाठ सोपी आहे.

१. एका दोराचा इंग्रजी अंकातला सहा करा. ताणाचा दोर वर जाणारी दांडी. मोकळं टोक दांडीच्या वरून ओलांडून जाऊ द्या.

२. दुसऱ्या दोराचा इंग्रजी नऊ करा. ताणाचा दोर खाली जाणारी दांडी. इथे मोकळं टोक दांडीच्या खालून गेलं पाहिजे.

३. सहाचं वेटोळं उचलून नवाच्या वेटोळ्यावर ठेवा. दोन्ही भोकं एकमेकांवर जुळली पाहिजेत.

४. सहाचं टोक खाली वळवा, दोन्ही वेटोळ्यांच्या मागून न्या आणि सामाईक भोकातून खालून वर काढा.

५. नवाचं टोक वर वळवा, दोन्ही वेटोळ्यांच्या पुढून न्या आणि त्याच भोकातून वरून खाली घाला.

६. आधी मोकळी टोकं हलकी ओढून आकार बसवा, मग ताणाचे दोर ओढा.

बरोबर जमली तर मोकळी टोकं ताणाच्या दोरांना काटकोनात, एकमेकांविरुद्ध दिशांना बाहेर पडतात आणि दोन्ही बाजूंनी गाठ सारखी दिसते. टोकं काटकोनात असल्यामुळे ती अडकू शकतात, त्यामुळे खडकावरून किंवा फांद्यांतून ओढायच्या दोराला ही गाठ गैरसोयीची.

शिकताना दोन रंगांच्या, ८ ते १० मिलिमीटर जाड, प्रत्येकी दोन मीटर दोऱ्या घ्या. एकाच रंगात शिकायला बसलात तर कोणतं टोक कोणाचं हे शोधण्यातच वेळ जातो.

हंटर बेंड हीसुद्धा झेपेलिनच का?

बहीण म्हणता येईल. दोन्हींत प्रत्येक दोर एक साधी गाठ मारतो आणि त्या गाठी एकमेकींत अडकलेल्या असतात. अडकण्याची रीत वेगळी. १९७८ मध्ये लंडनच्या 'द टाइम्स'ने पहिल्या पानावर डॉ. एडवर्ड हंटर यांची नवी गाठ म्हणून तिची बातमी दिली. त्याच्या कितीतरी आधी अमेरिकेत फिल स्मिथ यांनी ती रिगर्स बेंड या नावाने छापली होती हे नंतर समोर आलं. त्या बातमीने उठलेल्या चर्चेतून गाठी बांधणाऱ्यांची एक आंतरराष्ट्रीय संघटना १९८२ मध्ये उभी राहिली. गाठ चांगली धरते, पण जास्त ओढ बसल्यावर झेपेलिनइतकी सहज सुटत नाही.

चपटी पट्टी जोडायला टेप नॉट कशी मारायची?

एका पट्टीच्या टोकाला सैल साधी गाठ मारा, पट्टीला पीळ पडू देऊ नका. दुसऱ्या पट्टीचं टोक पहिल्या गाठीतून बाहेर पडणाऱ्या मोकळ्या टोकाकडून आत घाला आणि पहिलीच्या मार्गाने उलटं चालत जा. दोन्ही पट्ट्या सगळीकडे एकावर एक सपाट बसल्या पाहिजेत. मग चारही पदर आळीपाळीने ओढा आणि शेवटी अंगाचं पूर्ण वजन टाकून गाठ बसवा.

टोकं ८ सेंटिमीटरपेक्षा कमी नकोत. ही गाठ एक वाईट खोड बाळगून आहे: ओढ येऊन जाऊन असली की टोकं प्रत्येक वेळी किंचित आत सरकतात, नजरेला न दिसण्याइतकी. काल बांधली होती म्हणून आज तशीच वापरायची नाही. दर वेळी टोकं पाहायची.

हीच पद्धत गोल दोराला चालते का?

साध्या गाठीऐवजी आठाच्या आकाराची गाठ घेऊन तिचा माग काढत दुसरा दोर फिरवला की फ्लेमिश बेंड होते. ती धरते आणि एका नजरेत तपासता येते, पण मोठी बसते आणि ओढ बसल्यावर सोडवायला वेळ खाते.

दोन दोर जोडून खाली उतरताना गिर्यारोहक नुसती साधी गाठ का मारतात?

ती फ्लॅट ओव्हरहँड. दोन्ही टोकं एकाच दिशेला जुळवून, दोन्ही दोरांची मिळून एक साधी गाठ. ताण आल्यावर गाठ दोराच्या एका अंगाला उभी राहते, त्यामुळे दोर खाली ओढून घेताना ती कडेवरून घरंगळत येते आणि खाचेत अडकायची शक्यता घटते. मोकळी टोकं निदान ३० सेंटिमीटर हवीत, चारही पदर वेगवेगळे ओढून घट्ट करायचे. जास्त ताणाखाली ही गाठ टोकांकडे उलटत सरकू शकते, लांब टोकं त्यासाठीच.

टोकं एकाच दिशेला ठेवून आठाची गाठ मात्र मारू नका. जास्त वेढे म्हणून ती जास्त पक्की वाटते. प्रत्यक्षात ती कमी ताणाला उलटते आणि प्रत्येक उलटीत टोकाचा मोठा तुकडा खाते. या गाठीने जीव गेले आहेत. आणि एकूणच, दोरावर लटकण्याचं तंत्र वाचून शिकायचं नसतं, जाणकाराच्या नजरेखाली शिकायचं असतं.

मोकळं टोक किती ठेवायचं?

दोराच्या जाडीच्या निदान १० ते १२ पट. १० मिलिमीटर दोराला १० ते १२ सेंटिमीटर. गुळगुळीत दोराला दुप्पट ठेवा. ही लांबी गाठ घट्ट केल्यानंतरची, आधीची नव्हे.

गाठ मारल्यावर दोर किती कमकुवत होतो?

गाठ, धागा आणि दोराची वीण यांवर अवलंबून साधारण २० ते ५० टक्के. वळणावर बाहेरचे तंतू जास्त ताणले जातात, आतले जवळजवळ मोकळे राहतात, म्हणजे ओढ थोड्याच तंतूंवर पडते. म्हणून दोर तुटतो तो बहुधा गाठीच्या तोंडाशी, जिथे ताणाचा दोर आत शिरून पहिलं वळण घेतो.

हिशेब करताना निम्मी ताकद धरा. दोराची तुटण्याची मर्यादा १००० किलो असेल तर गाठीसह ५००. त्यावर निर्जीव ओझ्यासाठी किमान पाचपट सुरक्षितता ठेवली तर वापरायला उरतात १०० किलो. झटका बसणार असेल तर त्याहूनही कमी. माणूस लटकणार असेल तर दहापटीच्या खाली जाऊ नये, आणि दोर त्या कामासाठीच बनवलेला हवा.

गाठ बरोबर मारूनही घसरली. का?

तीन कारणं वारंवार दिसतात. पहिलं, गाठ नीट बसवलीच नाही. पदर एकमेकांवर चढलेले, मध्ये फटी. ताण आला की ते जागा शोधत सरकतात आणि त्यात टोक आत जातं. आधी आकार बोटांनी जुळवायचा, मग चारही पदर एकेक करून ओढायचे. नुसते दोन ताणाचे दोर खेचणं पुरत नाही.

दुसरं कारण दोराचा धागा. पॉलिप्रॉपिलीन ताठ आणि निसरडं असतं, गाठ बसवली तरी ते सरळ व्हायला पाहतं. नवा नायलॉनही निसरडा असतो. डायनीमा सगळ्यांत वाईट: ताकद अफाट, घर्षण जवळजवळ नाही, त्यामुळे तुटण्याच्या कितीतरी आधी गाठ घसरते. काथ्या, सुती, ताग यांचे खरखरीत दोर साधी गाठही धरून ठेवतात, म्हणून जुन्या दोरावर चाललेली गाठ नव्या दोरावर चालेलच असं नाही.

तिसरं, टोक आखूड.

सुटू नये म्हणून त्याच गाठीवर आणखी दोन-तीन गाठी मारल्या तर?

खालची गाठ चुकीची असेल तर वरच्या गाठी फक्त सुटायला उशीर लावतात, आणि सोडवताना त्रास देतात. योग्य गाठ आणि लांब टोक हा खरा उपाय.

दोर ओला झाल्यावर गाठीचं काय होतं?

काथ्या, सुती आणि तागाचे दोर पाण्याने फुगतात, गाठ आवळून दगड होते. वाळल्यावर ती पुन्हा थोडी सैल पडू शकते, तेव्हा तपासा. नायलॉन ओला झाल्यावर साधारण १० ते १५ टक्के ताकद गमावतो आणि जास्त ताणतो. पॉलिएस्टरला पाण्याने फारसा फरक पडत नाही. पॉलिप्रॉपिलीन पाणी पीत नाही, तरंगतं, पण उन्हाने लवकर ठिसूळ होतं.

नायलॉन आणि पॉलिएस्टरचे दोर एकमेकांना जोडले तर चालेल?

गाठ धरेल. फक्त नायलॉन जास्त ताणतो, त्यामुळे झटक्याची ओढ आली की गाठीत एक बाजू हलते आणि दुसरी स्थिर राहते, आणि तिथे घासण होते. तात्पुरत्या कामाला डबल शीट बेंड, दुमड ताठ दोराची.

मासेमारीचा तंगूस कसा जोडायचा?

वरच्या गाठी तिथे विसरा. जाडी जवळपास सारखी असेल तर ब्लड नॉट, प्रत्येक बाजूला पाच-पाच वेढे. जाडी वेगळी असेल तर सर्जन्स नॉट: दोन्ही टोकं १५ सेंटिमीटर समांतर ठेवून, दोन्ही मिळून एक वेटोळं करून त्यातून दोनदा किंवा तीनदा काढायचं. आवळण्याआधी तंगूस ओला करा आणि सावकाश ओढा. कोरडा झटक्यात ओढला की घर्षणाच्या उष्णतेने तो तिथेच कमजोर होतो.

दोराची टोकं उसवतात. आधी काय करायचं?

नायलॉन, पॉलिएस्टर, पॉलिप्रॉपिलीन यांची टोकं विस्तवावर वितळवून बंद करा. पॉलिप्रॉपिलीन साधारण १६० ते १६५ अंश सेल्सिअसला वितळतं, नायलॉन आणि पॉलिएस्टरला २२० ते २६० अंश लागतात. वितळलेला थेंब बोटाला चिकटून भाजतो, त्यामुळे तो हाताने दाबू नका. वितळवताना टोक फुगवू नका, नाहीतर ते वेढ्यातून जात नाही. काथ्या, सुती, ताग जळतात, वितळत नाहीत. त्यांच्या टोकाला दोराच्या जाडीच्या दीडपट रुंदीपर्यंत पक्का धागा गुंडाळून बांधा.

जोडलेला दोर कप्पीतून जाईल का?

गाठ जाणार नाही. तीन पेडी दोर असेल तर स्प्लाइस करा: दोन्ही टोकांचे पेड उकलून एकमेकांत गुंतवायचे आणि प्रत्येक पेड समोरच्या दोराच्या पेडांखालून एकाआड एक खोवत जायचा. काथ्या-सुतीला तीन फेऱ्या पुरतात, कृत्रिम धाग्याला निदान पाच. ताकद गाठीपेक्षा बरीच जास्त टिकते. मात्र या साध्या स्प्लाइसची जागा दोराच्या दीडपट ते दुप्पट जाड होते, कप्पीची खाच तेवढी रुंद हवी.

जहाजाचे हाताच्या मनगटाएवढे दोर कसे जोडतात?

कॅरिक बेंडने. इतका जाड दोर आखूड वळण घेत नाही, या गाठीत वळणं मोठी राहतात. ताण आल्यावर तिचा जाळीदार आकार कोसळून बसका होतो, ते अपेक्षितच आहे. टोकं दोरालाच बांधून ठेवतात.

गाठ बसवताना किंवा तपासताना कुठे उभं राहायचं?

ताणलेल्या दोराच्या रेषेत कधीच नाही. जोड सुटला तर टोक चाबकासारखं परत येतं, आणि नायलॉन ताणात भरपूर लांबत असल्याने त्याचा फटका सगळ्यांत जोरदार. बाजूला उभे राहा. वाहन किंवा बुंधा ओढताना इतरांनाही दोराच्या लांबीपेक्षा दूर ठेवा. दोर ताणलेला असताना गाठीला बोट लावायचं नाही.

तुटलेला गिर्यारोहणाचा दोर जोडून वापरता येईल का?

लटकायला नाही. कपडे वाळत घालायला वापरा.

घट्ट बसलेली गाठ सुटतच नाही. कशी सोडवायची?

आधी ओढ पूर्ण काढा. मग मोकळं टोक ओढत बसण्याऐवजी ताणाचा दोर गाठीत आत ढकला. सैलपणा तिथूनच मिळतो. शीट बेंडमध्ये दुमडीच्या वळणावर बसलेला वेढा अंगठ्याने दुमडीच्या टोकाकडे ढकला, आकार तिथे मोडतो. झेपेलिनला दोन्ही बाजूंच्या बाहेरच्या कमानी एकमेकींपासून दूर ढकला. डबल फिशरमन असेल तर आधी दोन गाठी ओढून वेगळ्या करा आणि एकेक सोडवा.

हाताने होत नसेल तर गोल टोकाची लाकडी खुंटी पदरांमध्ये सरकवून हलवा. स्क्रूड्रायव्हर किंवा खिळा वापरला तर तंतू तुटतात. ओल्या काथ्या-सुताची गाठ वाळू द्या, मग प्रयत्न करा. कृत्रिम दोराची गाठ हातोडीच्या लाकडी दांड्याने सर्व बाजूंनी हलकेच ठोकली की पदर थोडे मोकळे होतात. डबल फिशरमन बरेच महिने ओढीत राहिली असेल तर ती कापावीच लागेल. दोन्ही बाजूंना गाठीलगतचा एकेक वीतभर दोरही कापून टाका.